सिल्लाची राजमाता आणि सात वर्षांचा राजा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इ.स. 540 मध्ये कोरियातल्या सिल्ला राज्याच्या गादीवर एक लहान मुलगा बसला आणि कारभार त्याच्या आईच्या, जिसोच्या, हाती आला. जुन्या बखरीत याची नोंद जेमतेम एका ओळीची आहे: राजा लहान होता, म्हणून राजमातेने राज्य चालवलं. पुढचं सगळं शिलालेख, वर्षवार नोंदी आणि नात्यागोत्याचा गुंता यांतून काढावं लागतं. कोरियन मालिका पाहून अनेकांना या बाईंबद्दल कुतूहल वाटतं, आणि ते रास्तच आहे. मात्र मालिकेतली जिसो आणि दगडावर नाव कोरलेली जिसो यांच्यात बरंच अंतर आहे. खालची उत्तरं दगडावरच्या जिसोबद्दल आहेत.

सिल्ला म्हणजे नेमकं कुठलं राज्य?

कोरियन द्वीपकल्पाच्या आग्नेय कोपऱ्यातलं. राजधानी सॉराबॉल, म्हणजे आजचं ग्यॉंगजू. परंपरेने राज्याचा काळ इ.स.पू. 57 ते इ.स. 935 मानतात. सहाव्या शतकात उत्तरेला गोगुर्यॉ आणि पश्चिमेला बेकजे ही दोन बलाढ्य राज्यं होती. नैऋत्येला गाया नावाच्या लहान राज्यांचा पुंजका होता. तिन्ही मोठ्या राज्यांत सिल्ला सगळ्यात मागून सावरलेलं. ‘सिल्ला’ हे नाव आणि ‘वांग’ म्हणजे राजा ही पदवी दोन्ही अधिकृतपणे ठरल्या त्या 503 मध्ये. लिखित कायदा 520 मध्ये आला, तर बौद्ध धर्माला राजमान्यता 527 च्या सुमारास मिळाली. राजमातेच्या हाती कारभार आला तेव्हा या सगळ्याला जेमतेम एक पिढी झाली होती. हे ध्यानात ठेवलं नाही तर तिच्यापुढची अडचण कळत नाही. नियम नवे होते, आणि सरदार घराणी जुनी.

नावांचे उच्चार कसे करायचे?

रोमन लिपीत ‘ई’ आणि ‘ओ’ ही अक्षरं जोडून लिहिलेला स्वर मराठीतल्या ‘ऑ’ च्या जवळचा आहे. म्हणून ग्यॉंगजू, सॉराबॉल, गॉचिलबू. ‘ई’ आणि ‘यू’ जोडून लिहिलेला स्वर मराठीत नाही. ओठ गोल न करता ‘उ’ म्हटलं की तो बऱ्यापैकी जमतो. राजाचं नाव जिनहुंग आणि त्याच्या आधीच्या राजाचं बॉपहुंग. ‘थेहू’ म्हणजे राजमाता. ती पदवी आहे, नाव नव्हे.

ही राजमाता कोण होती?

1145 मध्ये पुरी झालेली ‘सामगुक सागी’ ही सर्वांत जुनी उपलब्ध बखर. तिच्यानुसार जिनहुंगची आई किम घराण्यातली, बॉपहुंग राजाची मुलगी. तिचा नवरा इपजोंग हा बॉपहुंगचा धाकटा भाऊ. म्हणजे तिचं लग्न सख्ख्या काकाशी झालं होतं. आज हे वाचून धक्का बसतो, पण सिल्लाच्या राजघराण्यात याला कारण होतं. तिथे ‘कोलपुम’ म्हणजे हाडाच्या प्रतीवरून माणसाचा दर्जा ठरे. सर्वांत वरच्या प्रतीबाहेर लग्न केलं तर मुलांची प्रत उतरण्याची भीती, म्हणून लग्नं घरातल्या घरात लागत.

जिसो हे नाव ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात येतं. पण तिथेच तिला पाक घराण्यातली आणि एका सरदाराची मुलगी म्हटलंय. दोन ग्रंथांचा इथे मेळ बसत नाही. बहुतेक अभ्यासक नाव युसातून घेतात आणि माहेर सागीतून, कारण सहाव्या शतकातला एक शिलालेख याच नावाच्या जवळ जाणारी बाई आपल्यासमोर उभी करतो. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

आणखी एक गुंता आहे. ‘राजमातेने कारभार पाहिला’ या नोंदीत नावच नाही. त्या वेळी राजवाड्यात दोन विधवा होत्या, राजाची आई जिसो आणि वारलेल्या बॉपहुंगची राणी बोदो. कारभार बोदोकडे होता, असं मानणारेही काही अभ्यासक आहेत. तरीही जिसोची बाजू जड आहे. ती राजाची जन्मदाती होती आणि मेलेल्या राजाची मुलगीही. दोन्ही बाजूंनी अधिकार तिच्यापाशी येत होता.

राजा सात वर्षांचा होता की पंधरा?

सागी म्हणते सात, युसा म्हणते पंधरा. सात धरणंच सयुक्तिक वाटतं. पंधरा वर्षांच्या राजपुत्राला त्या काळात एवढी वर्षं पालकाची गरज पडली नसती. शिवाय सात धरलं तर 551 मध्ये तो अठरा वर्षांचा होतो, आणि नेमक्या त्याच वर्षी राज्याचं वळण बदलतं.

इथे नेहमी होणारी एक चूक. जुन्या कोरियन मोजणीत मूल जन्मतः एक वर्षाचं धरत आणि नवीन वर्ष लागलं की वय एकाने वाढवत. त्यामुळे बखरीतला सात वर्षांचा राजा आपल्या हिशेबाने पाच-सहा वर्षांचा. म्हणजे बालवाडीतून नुकतं पहिलीत गेलेलं पोर.

दगडावर तिचं नाव आहे म्हणतात, ते काय आहे?

या साऱ्या विषयातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच, म्हणून थोडं थांबून पाहू.

उल्सान शहराजवळ चॉनजॉन-री इथे ओढ्याकाठी एक मोठा कातळ आहे. सुमारे साडेनऊ मीटर रुंद, पावणेतीन मीटर उंच, आणि किंचित पुढे झुकलेला. या झुकण्यामुळे पावसाचं पाणी पृष्ठभागावरून ओघळत नाही. वरच्या भागात प्रागैतिहासिक काळातली वर्तुळं, चौकट्या, नागमोडी रेषा आहेत. खाली सिल्लाच्या माणसांनी चिनी अक्षरांत मजकूर कोरलाय. 1970 च्या डिसेंबरात तो अभ्यासकांच्या नजरेस पडला.

मुख्य लेख दोन, शेजारी शेजारी. पहिला 525 चा. साबुजी नावाचा गालमुनवांग, म्हणजे राजाच्या खालोखाल मान असलेला राजकुलातला पुरुष, बहिणीला घेऊन सहलीला आला आणि या खोऱ्याला त्याने ‘लिहिलेल्या दगडाचं खोरं’ असं नाव दिलं. साबुजी म्हणजेच इपजोंग, हे आता सर्वमान्य आहे. दुसरा लेख 539 चा. त्याचा रूढ अर्थ असा: 537 मध्ये तो वारला. त्याची बायको जिमोल्सिहे त्याच्या आठवणीने व्याकूळ होऊन सातव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी इथे आली. बरोबर बॉपहुंगची राणी होती, आणि मुलगाही. मुलाचं नाव जिनहुंगच्या पाळण्यातल्या नावाशी जुळतं.

नवरा जाऊन दोन वर्षं झालेली एक बाई आपल्या लहान मुलाला घेऊन, नवऱ्याने चौदा वर्षांपूर्वी कोरवलेली अक्षरं पाहायला आली. जेमतेम वर्षभरात राजा वारला आणि ते पोर गादीवर बसलं. बखर लिहिली गेली सहाशे वर्षांनी. हा दगड मात्र त्याच दिवसांतला आहे.

दोन्ही लेखांच्या शेवटी स्वयंपाक करणाऱ्या बायकांची नावं आहेत. त्या अधिकाऱ्यांच्या बायका. त्यांतली एक बाई दोन्ही वेळा हजर दिसते. पहिल्या वेळी तिचा नवरा सतरा श्रेणींपैकी आठव्या श्रेणीत, दुसऱ्या वेळी चौथ्या. राजघराण्याच्या विश्वासातली माणसं चौदा वर्षांत कशी वर चढली, ते या एका तपशिलातून दिसतं. राजमातेला पुढे ज्यांच्यावर भिस्त ठेवायची होती, ती याच वर्तुळातली माणसं.

मुलगा लहान असेल तर एखाद्या काकाने राज्य का नाही सांभाळलं?

काकाला स्वतःला गादीवर बसता येतं, म्हणून. सिल्लाच्याच इतिहासात याचा दाखला आहे. 800 मध्ये एजांग तेरा वर्षांचा असताना राजा झाला आणि कारभार काका ऑनसुंगने घेतला. 809 मध्ये त्याच काकाने पुतण्याला ठार मारलं आणि तो हॉनदॉक या नावाने राजा झाला.

आईचं तसं नाही. तिची सत्ता मुलाच्या जिवावर उभी असते. मुलगा गेला की तीही गेली. राजाचं रक्षण करण्यात जिचा स्वार्थ सर्वांत पक्का, तिच्याच हाती किल्ल्या द्यायच्या, हा त्यामागचा हिशेब.

मग तिने चिकाच्या पडद्याआडून राज्य चालवलं का?

पडद्याआडून राज्य चालवण्याला कोरियन भाषेत ‘सुर्यॉम चॉंगजॉंग’ म्हणतात. चिक सोडून, त्याच्या मागे बसून दरबाराचं कामकाज ऐकायचं. जिनहुंगच्या नोंदीत मात्र हा शब्द नाही. तिथे ‘सॉपजॉंग’ आहे, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणं. पडद्याचं सविस्तर चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ते चोसन या पुढच्या राजघराण्याच्या काळातलं, जिसोनंतर सुमारे हजार वर्षांचं. ते सहाव्या शतकावर चिकटवू नये.

हुकूम कुणाच्या नावाने निघत?

राजाच्या. राजमातेच्या नावाचा एकही हुकूम उरलेला नाही. पण ‘राजाचा हुकूम’ म्हणजे एका माणसाचा शब्द, असं त्या काळच्या सिल्लात नव्हतंच. 1988 मध्ये सापडलेला उल्जिनचा बोंगप्यॉंग शिलालेख पाहा. तो 524 चा. एका गावाच्या गुन्ह्यावर निवाडा आहे. ठिपकेदार बैल बळी देऊन विधी केला, दोषींना साठ आणि शंभर फटक्यांच्या शिक्षा दिल्या. निवाडा देणाऱ्यांत राजासह चौदा जणांची नावं, टोळ्यांच्या उल्लेखासह. पहिला बॉपहुंग, दुसरा साबुजी गालमुनवांग, म्हणजे आपल्या राजमातेचा नवरा.

म्हणजे राजघराण्याबरोबर सरदारांचं मंडळ बसायचं. पुढे या मंडळाचं ‘ह्वाबेक’ हे नाव चिनी नोंदींत येतं, आणि नियम असा की एकानेही विरोध केला तर ठराव बारगळतो. 531 मध्ये या सरदारांचा प्रमुख म्हणून ‘सांगदेदुंग’ हे पद निर्माण झालं होतं. त्यामुळे जिसोचं काम एकटीने हुकूम सोडण्याचं नव्हतं. एका माणसाच्या नकाराने सगळं अडू शकेल अशा मंडळाला, गादीवर पोर बसलेलं असताना, एका दिशेने वळवायचं. हे काम पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण.

तिच्या काळात प्रत्यक्षात काय घडलं?

सुरुवात खुशीने केली. 540 च्या आठव्या महिन्यात सरसकट माफी जाहीर झाली आणि मुलकी-लष्करी अधिकाऱ्यांना एकेक श्रेणी बढती मिळाली. नवा राजा आला की हे होतंच. पण राजा लहान असताना याची किंमत वेगळी असते. ज्याला बढती मिळाली, त्याला ती टिकवायची तर नवी गादी टिकायला हवी.

लगेच पुढच्या वर्षी, 541 मध्ये, इसाबूला युद्धखात्याचा मुख्य नेमून आतलं-बाहेरचं सगळं सैन्य त्याच्या हाती दिलं. इसाबू राजकुलातला, मुरलेला सेनानी. 512 मध्ये त्याने उसान, म्हणजे आजचं उल्लुंग बेट, सिल्लाला जोडलं होतं. त्याच वर्षी बेकजेने तहाची बोलणी लावली, ती मान्य केली. आधी घरातलं सैन्य एका भरवशाच्या हाती, मग शेजाऱ्याशी तह. राजमातेच्या कारभारातली पहिली अडचण सैन्याची असते आणि ती इथे वर्षभरात मार्गी लागली.

पण सारं सैन्य एकाच्या हाती राहिलं तर तोच उद्या काका होऊन बसतो. म्हणून आमच्या मते या काळातलं सर्वांत महत्त्वाचं वर्ष 544. बखरीच्या वर्षवार भागात त्या वर्षी फक्त धर्माच्या गोष्टी दिसतात. दुसऱ्या महिन्यात हुंगन्युनसा हे मोठं मंदिर पुरं झालं, तिसऱ्या महिन्यात प्रजेला घर सोडून भिक्षू-भिक्षुणी होण्याची परवानगी मिळाली. बहुतेक वाचक इथेच थांबतात. पण त्याच बखरीचा अधिकारपदांचा भाग उघडला तर तेच वर्ष पुन्हा पुन्हा समोर येतं. युद्धखात्याच्या मुख्यांची संख्या एकाची दोन झाली. अधिकाऱ्यांच्या वागण्यावर नजर ठेवणारे दोन तपासनीस नेमले गेले. ‘देदांग’ हे मोठं सैन्यदल उभं राहिलं. सैन्याची ताकद वाढवायची, ती एकाच्या हाती राहू द्यायची नाही, वर अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, आणि या सगळ्याच्या जोडीला मंदिर. एका वर्षात एवढं सगळं योगायोगाने होत नाही.

545 मध्ये इसाबूने सुचवलं की राज्याचा इतिहास लिहिला पाहिजे. राजा आणि सेवक यांचं बरंवाईट नोंदलं नाही तर पुढच्यांना काय दिसणार, असं त्याचं म्हणणं होतं. गॉचिलबू या सरदाराने विद्वान जमवून ‘गुकसा’ ही बखर लिहिली. ती आज उरलेली नाही. तेव्हा गादीवरचा मुलगा कोरियन मोजणीने बारा वर्षांचा होता. राजघराण्याची वंशावळ आणि हक्क कागदावर पक्के करण्याची निकड कधी वाटते, ते यावरून कळतं.

548 मध्ये गोगुर्यॉने बेकजेच्या एका किल्ल्यावर हल्ला केला तेव्हा सिल्लाने जुर्यॉंग या सेनानीबरोबर 3,000 सैनिक मदतीला धाडले. 549 मध्ये चीनच्या ल्यांग राज्याकडून बुद्धाचे पवित्र अवशेष आले, आणि हुंगन्युनसाच्या समोरच्या रस्त्यावर सगळ्या अधिकाऱ्यांना स्वागताला उभं केलं. 550 मध्ये बेकजे आणि गोगुर्यॉ यांनी एकमेकांचा एकेक किल्ला घेतला. दोघंही दमलेत असं पाहून इसाबूने दोन्ही किल्ले घेतले आणि तिथे 1,000 शिबंदी ठेवली.

याचं श्रेय राजमातेला द्यायचं की इसाबूला?

दोघांनाही, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. किल्ले इसाबूने घेतले. इसाबूला नेमलं, तीन वर्षांनी त्याच्या बरोबरीला दुसरा मुख्य आणला, आणि तरी तो नाराज होऊन उलटला नाही, हे राजवाड्यातलं काम. बखरीत ते कुठेच तिच्या नावावर लिहिलेलं नाही. सगळीकडे ‘राजाने आज्ञा केली’ असंच आहे. पण आठ-दहा वर्षांचा मुलगा युद्धखात्याचे मुख्य किती असावेत हे ठरवत नसतो. या सगळ्या ओळींत कर्ता म्हणून राजा वाचायचा आणि मागे आईला पाहायचं. तसं न करणं म्हणजे तिचं काम दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं.

तिचा कारभार कधी संपला?

बखरीत तसं वाक्य नाही. 551 हे वर्ष अनुमानाने धरतात, पण अनुमान भक्कम आहे. त्या वर्षी शक बदलला. बॉपहुंगने 536 मध्ये सुरू केलेला ‘गॉनवॉन’ हा शक इतकी वर्षं तसाच चालला होता. 551 मध्ये तो जाऊन ‘गेगुक’ आला. अर्थ सरळ आहे: राष्ट्राचा आरंभ. त्याच वर्षी राजा स्वतः दौऱ्यावर निघाला आणि वाटेत गायाहून आलेल्या उरुकचं तंतुवादन त्याने ऐकलं. गॉचिलबूसह आठ सेनानींनी गोगुर्यॉचे दहा परगणे घेतले.

राजमातेने अकरा वर्षं वडिलांचा शक बदलला नाही, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. नवा शक म्हणजे नव्या मालकाची द्वाही. ती फिरवण्याचा मान तिने मुलासाठी राखून ठेवला, असं दिसतं. सत्ता सोडताना रक्त सांडल्याची, कट झाल्याची एकही नोंद नाही. पुढे जिनहुंग सिल्लाचा मोठा विस्तार करणारा राजा ठरला. 553 मध्ये हान नदीचं खोरं, 562 मध्ये गायातलं शेवटचं मोठं राज्य. एकूण राजवट 37 वर्षांची.

बखरीतलं राजवर्ष इसवी सनात कसं बदलायचं?

जिनहुंगसाठी सोपं आहे: राजवर्षात 539 मिळवा. पाचवं वर्ष म्हणजे 544, बारावं म्हणजे 551. सागीत राजा गादीवर बसला तेच पहिलं वर्ष धरतात, पुढचं नव्हे. चीनच्या पद्धतीने पुढच्या वर्षापासून मोजलं की एका वर्षाची चूक होते, आणि आंतरजालावरच्या बऱ्याच तक्त्यांत हीच चूक सापडते. महिने चांद्र आहेत. सातवा महिना म्हणजे जुलै समजू नका. तो साधारण ऑगस्टमध्ये पडतो.

कोरियातली ही पहिली कारभारी राजमाता का?

बखरीनुसार नाही. इ.स. 53 मध्ये गोगुर्यॉचा मोबोन राजा मारला गेला आणि थेजो सातव्या वर्षी गादीवर आला. त्याची बुयॉ देशाची आई पडद्याआडून कारभार पाहू लागली, अशी नोंद आहे. मात्र याच थेजोचं आयुष्य 119 वर्षांचं दिलंय, तेव्हा या भागातले आकडे जपून वापरावेत.

हाच प्रयोग कुठे फसला?

सिल्लातच, सव्वादोनशे वर्षांनी. 765 मध्ये ह्येगोंग आठ वर्षांचा असताना राजा झाला. आई मानवॉल कारभार पाहू लागली. 768 मध्ये चीनच्या थांग दरबाराने मुलाला राजा म्हणून आणि आईला ‘देबी’ म्हणजे राजमाता म्हणून मान्यतेची पत्रं पाठवली. बाहेरची मान्यता तिला जिसोपेक्षा जास्त होती. पण त्याच वर्षी देगोंग आणि त्याचा भाऊ यांनी बंड करून राजवाड्याला 33 दिवस वेढा घातला. 770 मध्ये पुन्हा बंड, 775 मध्ये दोन, आणि 780 च्या बंडाच्या धुमश्चक्रीत राजा आणि राणी दोघंही मारले गेले.

युसा दोष थेट राजमातेवर टाकते: कारभार विस्कटला, चोर-दरोडेखोर माजले. आम्हाला हा न्याय अपुरा वाटतो. जिसोच्या वेळी सरदारांना राजाकडून मिळवायचं बरंच होतं. नवी खाती, नवे प्रांत, नवी पदं. राज्य वाढत होतं. मानवॉलच्या वेळी तिन्ही राज्यं एक होऊन शंभर वर्षं झाली होती आणि जिंकायला नवीन मुलूख उरला नव्हता. वाटायला काही नसलं की सरदार गादीकडेच पाहू लागतात. शिवाय तिच्या बाजूला इसाबूसारखा, सैन्यावर पकड असलेला आणि तरी गादीवर डोळा नसलेला माणूस दिसत नाही.

तरी तिच्या काळातली एक वस्तू आजही उभी आहे. नवऱ्याने, ग्यॉंगदॉक राजाने, आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ मोठी घंटा ओतायला घेतली आणि ती पुरी होण्याआधीच तो वारला. घंटा 771 च्या बाराव्या महिन्यात पुरी झाली. लेखात 1,20,000 गुन (वजनाचं जुनं कोरियन माप) तांबं लागल्याचं म्हटलंय. आजच्या मापात उंची 3.66 मीटर, तोंडाचा व्यास 2.27 मीटर, वजन 18.9 टन. घंटेवर कोरलेल्या मजकुरात राजमातेची स्तुती आहे: तिची कृपा धरणीसारखी सम. जिसोला असा एक शब्दही कुणी धातूत ओतून दिला नाही.

राजमाता आणि सिल्लाच्या राण्या यांत फरक काय?

स्वतःच्या हक्काने गादीवर बसलेल्या स्त्रिया सिल्लात तीन: सॉनदॉक (632–647), जिनदॉक (647–654) आणि जिनसॉंग (887–897). त्या ‘वांग’ होत्या. राजमाता कधीच ‘वांग’ होत नाही. ती राजाच्या वतीने काम पाहते. सॉनदॉक ही जिनहुंगची पणती. अर्थात जिसोच्या थेट वंशातली.

मालिकांत दाखवतात त्या जिसोच्या प्रेमप्रकरणांना आधार आहे का?

तो मजकूर ‘ह्वारांग सेगी’ नावाच्या हस्तलिखितातून आलाय. आठव्या शतकात किम देमुनने त्या नावाचा ग्रंथ लिहिला होता हे खरं, पण तो हरवला. 1989 मध्ये आणि पुन्हा 1995 मध्ये उजेडात आलेली हस्तलिखितं विसाव्या शतकातली आहेत. ती जुन्या ग्रंथाची नक्कल की नवी रचना, यावर जोरदार वाद आहे. बहुसंख्य इतिहासकार त्यांच्यावर विसंबत नाहीत.

पडताळायचं असेल तर क्रम असा ठेवा. गोष्ट शिलालेखात आहे का पाहा. नसेल तर सागीत, मग युसात. तिन्हींत नसेल आणि फक्त या हस्तलिखितात असेल, तर ती इतिहास म्हणून सांगू नका. जिसोने मुलाला वाड्यात कोंडून, चेहरा झाकून वाढवलं, याला जुन्या साधनांत आधार नाही. चॉनजॉन-रीच्या दगडावर तर ती मुलाला घेऊन उघड्यावर आलेली दिसते.

भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो बौद्ध धर्माचा. जिनहुंगने मुलांची नावं दोंगन्युन आणि सार्युन ठेवली. त्यातल्या ‘युन’ किंवा ‘र्युन’ चा अर्थ चाक. चक्रवर्ती राजाची ही भारतीय कल्पना. 574 मध्ये ह्वांगन्योंगसा मंदिरात बुद्धाची प्रचंड मूर्ती ओतली गेली. तिला 35,007 गुन तांबं लागलं. युसातली कथा सांगते की सम्राट अशोकाला मूर्ती ओतणं साधेना, म्हणून त्याने 57,000 गुन लोखंड आणि सोनं जहाजात भरून सोडलं आणि ते सिल्लाच्या किनाऱ्याला लागलं. अशोक आणि जिनहुंग यांच्यात आठशे वर्षांचं अंतर आहे, तेव्हा ही कथाच. पण ज्या राज्यात भिक्षू होण्याची परवानगी राजमातेच्या काळात मिळाली, त्याला तीस वर्षांत थेट अशोकाचं वारस व्हावंसं वाटत होतं.

प्रत्यक्ष कुठे काय पाहता येतं?

ग्यॉंगजूत राजवाड्याची वॉलसॉंग टेकडी, ह्वांगन्योंगसाच्या मूर्तीचे दगडी चौथरे आणि राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारातली 771 ची घंटा. घंटा आता नेमाने वाजवत नाहीत. तिच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकवतात. हुंगन्युनसा शोधताना फसगत होते. आज त्या नावाचं मंदिर जिथे आहे तिथे दुसऱ्याच मंदिराचं नाव असलेली कौलं सापडली आहेत. खरं हुंगन्युनसा जवळच्या एका शाळेच्या आवारात असावं, असं आता मानतात.

दानयांगचा जॉक्सॉंग शिलालेख 550 च्या आसपासचा आहे. तो 1978 मध्ये सापडला. वरचा भाग तुटलाय. मूळच्या सुमारे 430 अक्षरांपैकी 288 उरली आहेत. त्यात राजाच्या हुकुमाबरोबर इसाबूचं नाव आहे, राजमातेचं नाही.

चॉनजॉन-रीला जायचं तर सकाळी किंवा उन्हं कलल्यावर जा. अक्षरं उथळ आहेत. डोक्यावरच्या उन्हात ती सपाट दिसतात, तिरका प्रकाश पडला की कडा उठून येतात. नजर आधी खालच्या अर्ध्या भागावर टिकवा. रेषांच्या चौकटीत कोरलेला मजकूर दिसेल. उजवीकडचा 525 चा, नवऱ्याचा. डावीकडचा 539 चा, तिचा.